लहान व्यावसायिक आणि जबाबदारीचा विमा



विमा हा विषय व्याख्यानमालेच्या रसिक श्रोत्यांपुढे मांडायचा म्हणजे थोडे धाडसच आहे. विम्याचा माणूस लांबून येताना दिसला की आतून “ते घरी नाहीत” असा निरोप पाठविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की माझ्या पिशवीत कसलेही छापील अर्ज नाहीत. मला बोलायचे आहे ते अशा एका विम्याविषयी, की जो लहान दुकानदाराला, खानावळवाल्याला, रंगाऱ्याला आणि मांडववाल्याला फार गरजेचा आहे, आणि जो घेताना मात्र त्यांच्यापैकी फारसे कोणी दिसत नाही.

एक दुकान डोळ्यांपुढे आणा. पेठेतला किराणा मालाचा गाळा आहे. वडिलांनी चालू केला, आता मुलगा चालवतो. दुकानावर लोखंडी चौकटीची मोठी पाटी आहे. वैशाखातली दुपार आहे. वळिवाचा वारा सुटतो, गंजलेला खिळा निसटतो आणि पाटी खाली येते. नेमका त्याच वेळी खालून एक शिंपी चाललेला असतो. पाटी त्याच्या उजव्या हातावर पडते, आणि शिंप्याचा उजवा हात म्हणजे त्याचा सगळा संसार.

आता आपला दुकानदार काही बेसावध मनुष्य नव्हे. त्याने आगीचा विमा उतरविला आहे, चोरीचाही उतरविला आहे. गोडाऊनमधली साखर भिजली तर तिचे पैसे मिळतील. कदाचित पाटीचेही मिळतील. पण शिंप्याच्या हाताचे काय? त्याचा औषधोपचार, सहा महिन्यांची बुडालेली कमाई, कायमचे आलेले अपंगत्व, हे कोणी भरायचे? दुकानदाराच्या कपाटात विम्याचे जे कागद आहेत, त्यांत या प्रश्नाला उत्तर नाही. कारण ते कागद त्याच्या मालाचे आहेत, त्याच्या जबाबदारीचे नाहीत. आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या एका फरकात आहे.

कोणी म्हणेल, वारा काय दुकानदाराने सोडला? पाटी पडली ही ईश्वरेच्छा! न्यायालय मात्र असे म्हणत नाही. दिल्लीच्या चांदनी चौकात नगरपालिकेच्या मालकीचा घड्याळाचा मनोरा कोसळला आणि खाली माणसे दगावली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६६ साली निकाल लागला. रस्त्यालगतची वास्तू सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तिच्यातला दोष उघड असो की लपलेला असो, ती पडून वाटसरूला इजा झाली तर मालकाला हात झटकता येत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. तो मनोरा होता, आपली पाटी आहे. पण खालून जाणाऱ्याच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नाही.

ही जबाबदारी दुकानाच्या उंबऱ्यापाशीही संपत नाही. माल विकून पैसे गल्ल्यात पडले, गिऱ्हाईक घरी गेले, की आपला संबंध सुटला असे पुष्कळांना वाटते. पूर्वी कायद्यालाही बरेचसे तसेच वाटे. त्याचे मत कसे बदलले याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि ती एका सोडावॉटरच्या कारखानदाराची असल्यामुळे आपल्या विषयाला सोडून नाही.

स्कॉटलंडमध्ये पेझ्ली नावाचे गाव आहे. १९२८ च्या ऑगस्टमध्ये मे डोनोह्यू नावाची एक बाई मैत्रिणीबरोबर तिथल्या एका उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बिअर मागविली. बाटली गडद काचेची होती, आतले दिसत नव्हते. थोडे पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, आणि बाई आजारी पडली, अशी तिची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले. तेव्हा या बाईचा दुकानदाराशी करार नाही, आणि बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर नाहीच नाही. तरीही तिने स्टीव्हन्सनवर ५०० पौंडांची फिर्याद केली. १९३२ साली लॉर्ड्सच्या सभेत पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड ॲटकिन यांनी विचारले, की कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिले, की माझ्या कृतीचा ज्याच्यावर परिणाम होईल हे मला आधी कळायला हवे होते, तो माझा शेजारी. गोगलगाय खरोखर बाटलीत होती की नाही, हे मात्र न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. पण तत्त्व राहिले, आणि ते आपल्या न्यायालयांनीही मानले. आपल्याकडे तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात माल तयार करणारा, विकणारा आणि सेवा देणारा असे तिघेही येतात.

आता एक गंमत पाहा. त्याच किराणा दुकानासमोर मालकाची स्कूटर उभी आहे. त्या स्कूटरने कोणाला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून तिचा विमा उतरविणे सक्तीचे आहे. हा नियम १९३९ च्या मोटार कायद्यात आला, १९४६ साली अमलात आला आणि १९८८ च्या कायद्यातही कायम आहे. कामावर असताना नोकराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने १९२३ सालीच मालकावर टाकली. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९९१ साली घातक रसायने ठराविक प्रमाणाबाहेर बाळगणाऱ्यांना सार्वजनिक जबाबदारीचा विमा सक्तीचा झाला. म्हणजे रस्त्यावरची स्कूटर विम्याखाली आहे, मोठा रासायनिक कारखाना विम्याखाली आहे. पण चार शेगड्या पेटवून दोनशे पानांची पंगत उठविणारा आचारी, किंवा तीन मजले उंच परांचीवर चढणारा रंगारी, यांच्यापासून तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेचा विमा घ्या म्हणून मोटारीसारखी सरसकट सक्ती नाही. जे सक्तीचे नाही ते आपण घेत नाही. सक्ती नसली तरी जबाबदारी असतेच, एवढे विसरतो.

यावर लहान व्यावसायिक म्हणतो, “हे मोठ्या कंपन्यांचे खेळ. माझ्यावर कोण दावा लावणार?” खरे पाहता गोष्ट अगदी उलट आहे. कंपनी बुडाली तर भागधारकांचे भांडवल बुडते, घर सहसा राहते. एकट्या मालकाच्या धंद्यात धंदा वेगळा आणि मालक वेगळा असे कायदा मानीत नाही. हुकूमनामा झाला तर दुकानाबरोबर राहत्या घरावरही जप्ती येऊ शकते. भागीदारीत तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो; चूक धाकट्याची आणि घर थोरल्याचे, असेही घडते. मोठ्या कारखान्याला दहा लाखांची भरपाई म्हणजे हिशेबाच्या वहीतली एक ओळ. खानावळवाल्या बाईंना तीच रक्कम म्हणजे आयुष्यभराची मिळकत.

आणि दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची आहे. समजा, शिंप्याने दावा लावला, दहा वर्षे खेटे घातले आणि जिंकला. दुकानदाराकडे द्यायलाच काही नसेल तर त्या हुकूमनाम्याचे त्याने काय करायचे? हा विमा नसला तर दोन संसार बसतात, एक इजा करणाऱ्याचा आणि एक इजा झालेल्याचा. म्हणून मी याला नुसते मालकाचे संरक्षण समजत नाही. वाटसरूच्या हाताचीही ती तजवीज आहे.

आता हा विमा चालतो कसा, ते थोडक्यात सांगतो. आपल्या धंद्यामुळे तिऱ्हाइताच्या शरीराला किंवा मालमत्तेला अपघाताने हानी झाली आणि कायद्याने भरपाई आपल्यावर आली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती विमा कंपनी देते. मर्यादा दोन असतात: एका अपघाताची आणि सबंध वर्षाची. कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा खर्चही मिळतो. तो मर्यादेच्या आत धरला आहे की बाहेर, हे आधी विचारून घ्यावे. दाव्यातली पहिली काही रक्कम आपल्यालाच सोसावी लागते. दुकानदारांसाठी आग, चोरी वगैरे एकत्र बांधलेले जे विमापत्र मिळते, त्यात हे कलमही जोडून घेता येते. पुष्कळांनी ते विचारलेलेच नसते. खाद्यपदार्थापासून झालेली बाधा आणि विकलेल्या मालाचा दोष यांसाठी मात्र अनेकदा वेगळे कलम किंवा वेगळे विमापत्र लागते. मुद्दाम केलेले कृत्य, सरकारी दंड, स्वतःचा माल, आपले नोकर आणि मोटारीचा अपघात हे यात येत नाहीत.

दोन पथ्ये सांभाळावीत. अर्ज भरताना धंदा खरा सांगावा. मागच्या खोलीत गॅसच्या टाक्या ठेवून पुढे “फक्त किराणा” लिहू नये. आणि अपघात झाल्यास जखमीला आधी दवाखान्यात न्यावे, लगेच कंपनीला लेखी कळवावे; कंपनीला न विचारता भरपाईचा शब्द देऊन बसू नये. माणुसकी दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही, तडजोड करायला लागते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. विमा आहे म्हटल्यावर माणूस बेफिकीर होणार नाही का? खिळा गंजला तर गंजू दे, कंपनी बघून घेईल, असे म्हणणार नाही का? ही शंका खोटी नाही. पण तुरुंगात जायला विमा कंपनी आपल्याऐवजी माणूस पाठवीत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलची फौजदारी जबाबदारी मालकाचीच राहते. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारातील आगीत १४ माणसे गेली; कितीही मोठ्या विम्याने ती परत आली नसती. म्हणून खिळा आधी, विमा नंतर. विमा हा सावधगिरीला पर्याय नाही. सावधगिरी बाळगूनही जे घडते, त्यासाठी तो आहे.

एक सूचना करून थांबतो. एकटा दुकानदार विमापत्राची बारीक अक्षरे वाचायला बसला तर गोंधळेल. आपल्या गावोगावच्या व्यापारी संघांनी, केटरर आणि मांडव कंत्राटदारांच्या संघटनांनी हे काम अंगावर घ्यावे. जाणत्याकडून कलमे समजावून घ्यावीत, सभासदांच्या वतीने कंपन्यांशी बोलावे. दिवाळीला वहीपूजनासाठी जमतो, तसे वर्षातून एकदा यासाठी जमावे, आणि त्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या पाटीचे खिळेही पाहून घ्यावेत.

आज घरी जाताना रस्त्याच्या कडेने चालाल तेव्हा एकदा वर पाहा. कितीतरी पाट्या दिसतील, आणि खाली कितीतरी स्कूटरी उभ्या असतील. खालच्या स्कूटरीला विमा आहे. वरच्या पाटीला आहे का, हे आपल्या ओळखीच्या एका दुकानदाराला जरी आपण विचारलेत, तरी माझे इथे येणे कारणी लागले असे मी समजेन.