मासा फेकू नका, उघडून पाहा
(शेतकऱ्यांसाठी नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



तळ्यात मासा मरून वर आला की आपण काय करतो? काठावर उभे राहून हळहळतो, काठीने तो मासा ओढून बाजूला फेकतो आणि औषधाच्या दुकानाची वाट धरतो. दुकानदार एक बाटली देतो. ती तळ्यात ओतली की आपले समाधान होते, माशाचे होत नाही. आज मी आपल्याला एकच गोष्ट सांगायला आलो आहे. तो मासा फेकू नका. आधी उघडून पाहा. त्याला काय झाले हे त्याचे यकृत आणि त्याचे कल्ले पुष्कळदा स्वतःच सांगतात.

काही वर्षांपूर्वी भाताच्या पट्ट्यातल्या एका गावी असाच बोलावणे आले म्हणून गेलो होतो. भाद्रपद चालू होता. शेततळे चांगले, पाणी मुबलक, रोहू-कटला पावशेराच्या वर गेलेला. पण रोज पाच-सात मासे मरत होते. एकदम शंभर-दोनशे मेले असते तर माणूस हादरतो. रोज थोडे थोडे गेले तर सवय होते, आणि तोच धोका असतो. त्या शेतकऱ्याने चुना टाकून पाहिला, पोटॅशियम परमँगनेट टाकून पाहिले, शेवटी गुराच्या डॉक्टरांकडचे औषधही खाद्यातून देऊन झाले. मी त्याला म्हटले, एक अर्धमेला मासा धरा आणि कात्री आणा.

मासा कसा उघडायचा ते आधी सांगतो. मासा मरायला टेकलेला हवा, किंवा फार तर नुकताच मेलेला. आपल्या उन्हात मरून दोन तास झालेल्या माशाचे कल्ले पांढरे पडतात आणि आतले सगळे पाणथळ होते, त्यावरून काही कळत नाही. प्रथम कल्ल्यावरचे झाकण कापून काढा. मग शेपटीकडच्या मलद्वारापासून पोटाच्या मधोमध घशापर्यंत कात्री चालवा. कात्रीचे टोक वर उचलून धरा, नाहीतर आतडे फाटते. एका बाजूची कूस उचलून कापली की आतला सगळा संसार दिसतो.

रोहू, कटला, मृगळ या माशांना आपल्यासारखी जठराची पिशवी नसते. खाल्लेले थेट आतड्यात उतरते. रोहूचे आतडे त्याच्या अंगाच्या कित्येक पट लांब असते, वेटोळी घालून पोटात बसवलेले. यकृतही शेळीच्या कलेजीसारखे एकसंध नसते. ते या वेटोळ्यांच्या फटींतून पसरलेले असते, म्हणून पहिल्या खेपेला सापडत नाही. निरोगी यकृत गडद तांबूस तपकिरी असते. बोट लावले तर घट्ट लागते. शेजारी हिरव्या पाण्याने भरलेली पिशवी दिसते, ते पित्ताशय. ते टम्म फुगून गडद हिरवे झाले असेल आणि आतडे रिकामे असेल तर मासा दोन-चार दिवस जेवलेला नाही असे समजा. म्हणजे आपण टाकलेले खाद्य तळाशी कुजत पडले आहे. कण्याच्या खाली, अगदी चिकटून, काळपट लाल पट्टी असते. घरच्या बाया मासळी साफ करताना नखाने खरवडून काढतात तीच. रक्त साकळले आहे असे वाटते, पण ते मूत्रपिंड. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे सतत पाणी शिरत असते, आणि ते उपसून बाहेर टाकण्याचे काम हे मूत्रपिंड रात्रंदिवस करते. त्याला विसावा नाही.

तर त्या माशाचे यकृत पिवळट, फुगलेले आणि ठिसूळ होते. वर टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके. कल्ले मात्र बरे, जरा फिके एवढेच. कल्ले बरे आणि यकृत बिघडलेले, म्हणजे पाण्यापेक्षा खाद्यावर संशय घ्यायचा. मी म्हटले, पेंड दाखवा. गोठ्याच्या कोपऱ्यात भुईमुगाच्या पेंडीची पोती मातीवर ठेवलेली, भिंतीला ओल. पोत्यात हात घातला तर आत ऊब लागली आणि हिरवट पूड हाताला आली. पेंड स्वस्तात मिळाली होती. शेतकरी म्हणाला, "साहेब, गुरांना नको म्हणून माशांना घातली."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ गावांत ऐकले आहे. गुरांना नको ते माशांना. बंधूंनो, मासा हंबरत नाही एवढाच फरक.

ओलसर भुईमूग पेंडीवर आणि सरकी पेंडीवर जी हिरवट-पिवळी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या. शोध घेता ते खूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीत निघाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांमध्ये ट्राउट जातीच्या माशांच्या यकृतात गाठी आढळल्या. तिथे दोष सरकी पेंडीचा होता. आपला रोहू-कटला ट्राउटइतका नाजूक नाही. बुरशीची पेंड खाऊन तो दुसऱ्या दिवशी मरत नाही. तो खातो, पण वाढत नाही. यकृत हळूहळू निकामी होते, अंगातली प्रतिकारशक्ती जाते, आणि मग थंडीत किंवा जाळे ओढल्यावर लहानसे निमित्त होऊन मरतो. आपण म्हणतो थंडीने मेला. आणखी एक लक्षात ठेवा. हे विष उन्हात वाळवून, भाजून किंवा शिजवून जात नाही. वरची बुरशी झटकली तरी विष आतच राहते. अशी पेंड माशांना नको, गुरांना नको, कोंबड्यांनाही नको. खड्डा करून पुरून टाका.

भाताच्या कोंड्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात बुरशीपेक्षा तेल नडते. कोंडा गिरणीतून निघाल्या घडीपासून त्यातले तेल खवट व्हायला लागते. आठ-पंधरा दिवसांत वास बदलतो. खवट तेल ई जीवनसत्त्व मारते आणि यकृतात चरबी साठते. जपानात कार्प माशांना रेशीम काढल्यावर कोषांत उरलेले किडे खाऊ घालत. ते जुने आणि खवट झाले की माशांच्या पाठीचे मांस झडून पाठ सुरीसारखी व्हायची. कोंडा थोडा थोडा आणा, जिभेवर ठेवून पाहा. कडवट लागला तर घालू नका. तेल काढलेला कोंडा मिळत असेल तर तो जास्त दिवस टिकतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. एवढेच.

खाद्य चांगले असले तरी जास्त झाले तर काय होते ते आता सांगतो, कारण आपल्या शेततळ्यांत खरी गडबड इथे होते. माशाला पेंडीतून जे नत्र मिळते त्यातले साधारण पाव ते तिसरा हिस्सा त्याच्या अंगी लागते. बाकीचे पाण्यात परत येते. आणि येते कुठून? बरेचसे कल्ल्यांतून. मासा कल्ल्यांतून श्वास घेतो आणि अंगातली घाण अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतूनच टाकतो. पाण्यात आधीच अमोनिया असेल तर ही घाण बाहेर पडत नाही, रक्तात तुंबते. कल्ले सुजतात, चिकट बुळबुळीत होतात, लाल रंग जाऊन कुठे पांढरट कुठे काळपट दिसतात. म्हणजे एकच जादा घमेलेभर पेंड माशाला दोन बाजूंनी मारते. आतून यकृताला आणि बाहेरून कल्ल्यांना.

गावतळ्यात चिखल असतो, चिखलात जीवजंतू असतात, ते पुष्कळशी घाण पचवतात. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात तो चिखल नाही. मृगळाला तळाशी चरायला काही नाही, आणि उरलेली पेंड तशीच सडते. २०१६ साली राज्यात मागेल त्याला शेततळे ही योजना सुरू झाली, अशी तळी वाढली, आणि गावतळ्याचा हिशेब लोकांनी तसाच त्यांना लावला. तो लागू पडत नाही.

हिशेब असा करा. तळ्यात ८०० मासे आहेत. महिन्यातून एकदा पाग टाकून वीस-पंचवीस मासे धरा आणि वजन करा. सरासरी २५० ग्रॅम भरली तर तळ्यात २०० किलो मासा झाला. त्याच्या शेकडा दोन, म्हणजे रोज ४ किलो खाद्य. निम्मे सकाळी उन्हे आल्यावर, निम्मे दुपार कलल्यावर. जठराची पिशवी नसल्याने एका वेळी फार खाल्लेले त्याला साठवता येत नाही. भोके पाडलेल्या पोत्यात किंवा टोपलीत भरून पाण्यात टांगा आणि दोन तासांनी उचलून बघा. खाद्य उरले असेल तर उद्या कमी करा. ढगाळ दिवशी निम्मे, आणि थंडीत पाणी गार झाले की त्याहून कमी. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी गार झाले की त्याचे आतडेही मंदावते.

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तळ्यावर मासे तोंड वर काढून होते. पाणी हिरवेगार. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे सांगितले, कळीचा चुना टाका. दुपारी टाकला, संध्याकाळपर्यंत तळे पांढरे झाले माशांनी. त्या घरच्या म्हातारीने मला चहा दिला, एक शब्द बोलली नाही. काय झाले ते मला नंतर समजले. पाण्यातला सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पाण्याचा सामू ७ असेल तर शंभरातला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे ५ भाग, आणि ९ झाला की ३६. हे २५ अंश उष्णतेचे आकडे, पाणी आणखी तापले तर प्रमाण वाढतेच. हिरव्या तळ्याचा सामू दुपारी आपसूक वर जातो. त्यात मी चुना टाकायला लावला.

म्हणून चुना हा तळे तयार करताना किंवा सामू मोजून, सकाळच्या वेळी, भिजवून निववून द्यायचा. सामू साडेआठच्या वर असेल तर मुळीच नाही. मासे गुदमरत असताना तर हाताला चुना लागूच देऊ नका.

मासे गुदमरतात कधी, हे पाहिले तरी पुष्कळ उलगडते. पहाटे तोंड वर काढतात आणि ऊन चढल्यावर खाली जातात, तर रात्री प्राणवायू कमी पडला. पंप लावा, तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा, शेण आणि खाद्य बंद ठेवा. भर दुपारीही वरच असतील तर कल्ले किंवा रक्त बिघडले आहे. एक मासा उघडा. कल्ले आणि रक्त तांबडे नसून चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट झाले. रक्त प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहिलेले नाही. यावर साधे मीठ चालते. मिठातला क्लोराइड हा अंश नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असे उतरत्या बाजूंचे भरलेले शेततळे सुमारे २० लाख लिटरचे होते. त्याला १०० किलो मीठ विरघळवून चहूकडे शिंपडा. एवढ्या मिठाने ओलिताच्या पिकाला बाधा होत नाही. अमोनियाचा संशय असेल तर खाद्य ताबडतोब बंद करा आणि तळातले पाणी पिकाला सोडा. त्यात नत्रच आहे, पीक आनंदाने घेईल. मासा आठ दिवस उपाशी राहून मरत नाही.

फवारणीबद्दल दोन शब्द. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके हजार लिटर पाण्यात काही मिलिग्रॅम गेली तरी मासा मरतो. पाठीवरचा पंप तळ्यात धुणे म्हणजे तळ्यावरच फवारणे. एंडोसल्फानवर २०११ साली बंदी आली, पण एखाद्याच्या घरी जुना डबा अजून निघतो. तो तळ्याच्या आसपासही नेऊ नका. विषाने मेलेला मासा उघडलात तर कल्ल्यांतून रक्त आलेले दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. सगळ्या आकारांचे मासे, बेडूक आणि पाणकिडेही एकाच दिवशी मेले तर विष समजा. असले मासे खाऊ नका, विकूही नका.

त्या भाताच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने पेंड पुरली. नवी आणायला पैसे नव्हते, म्हणून तीन आठवडे मासे तळ्यात जे मिळेल त्यावर राहिले. मरणे थांबायला दहा-बारा दिवस लागले. वाढ मात्र त्या वर्षी मागे पडली ती पडलीच.

उघडून पाहूनही उलगडा झाला नाही तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा, किंवा नागपूर, उदगीर, रत्नागिरी यांपैकी जवळच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात विचारा. जाताना मरायला टेकलेले दोन-तीन मासे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ती पिशवी बर्फात ठेवून न्या. बर्फाचे पाणी माशाला लागता कामा नये. स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून तळ्याचे पाणी घ्या, वर हवा राहू देऊ नका. आणि पोत्याच्या तळातून काढलेली मूठभर पेंड कागदाच्या पुडीत बरोबर असू द्या. वरवरची नको, तळातलीच.