एका छपराखालचा बाजार आणि कंदिलाची काच



'जनरल स्टोअर' हे दोन शब्द आज मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले आहेत की, त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. वह्या, टाचण्या, केसांचे चाप, दंतमंजन, बॅटरीचे सेल आणि कोपऱ्यात टांगलेले प्लास्टिकचे चेंडू, असे एक दुकान प्रत्येक गल्लीत असते. या दुकानाचा पूर्वज मात्र मोठा साहेबी होता, आणि त्याच्या मालाच्या यादीने शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील कितीतरी विचारी माणसांची झोप उडवली होती.

आपल्याकडची जुनी बाजारपेठ गल्लोगल्ली वाटलेली असे. पुण्यात तांब्यापितळेची भांडी हवी तर तांबट आळीत जावे, सुपे-टोपल्यांसाठी बुरूड आळी गाठावी, खिळे-कुलपांसाठी बोहरी आळी. बांगड्या कासाराकडे, आणि जुन्या लुगड्यांवर भांडे हवे असेल तर दाराशी येणाऱ्या बोहारणीची वाट पाहावी. येथे लखनौत चौकातल्या अत्तरवाल्यांच्या आणि चिकनकामाच्या गल्ल्या पाहिल्या तरी हीच रीत दिसते. वस्तू जितक्या, तितकी दुकाने, आणि प्रत्येक ठिकाणी भाव ठरायचा तो घासाघीस करून. गिऱ्हाईक कोण, ओळखीचे की परके, यावर तो पुष्कळदा अवलंबून असे.

इंग्रजी अमलात याच्या अगदी उलट तऱ्हेची दुकाने मोठ्या शहरांत उभी राहिली. 'आर्मी अँड नेव्ही' या संस्थेचा जन्म १८७१ मध्ये लंडनला झाला. काही लष्करी व आरमारी अधिकाऱ्यांना मद्य घाऊक भावात हवे होते, म्हणून त्यांनी सहकारी सोसायटी काढली. पेयापासून सुरू झालेला हा व्यवहार पाहता पाहता संसाराच्या सर्व अंगांना व्यापून बसला. १८९१ मध्ये संस्थेने मुंबईत दुकान उघडले. तिची सूचिपुस्तके हजार पानांच्याही पुढे जात. डबाबंद खाद्यपदार्थ, औषधांच्या पेट्या, तंबू, घडीचे पलंग, बंदुका, खोगिरे, चिनी मातीची भांडी, मुलांची खेळणी, लिहिण्याचे सामान, असे सारे त्यांत चित्रांसह छापलेले असे.

दुसरे मोठे नाव 'व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी' यांचे. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश गृहस्थाने भागीदारासह १८८२ मध्ये कलकत्त्यात हा व्यवसाय सुरू केला, आणि पुढे सिंगापूर-शांघायपर्यंत शाखा पसरल्या. (हेच लेडलॉ नंतर ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले आणि अफूच्या व्यापाराविरुद्ध बोलले. एक दुकान मद्यासाठी निघाले आणि दुसऱ्याचा मालक व्यसनांचा वैरी, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.) मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, त्यांची इमारत होती. साहेब लोकांना चिठ्ठीवर उधार नेण्याची सवय होती. येथे मात्र रोख पैसा मोजल्याखेरीज वस्तू हलत नसे. म्हणून थट्टेने लोक या पेढीला 'राइट अवे अँड पेड फॉर' म्हणत. रोख व्यवहार आणि ठरीव भाव ही या दुकानांची खरी नवलाई. भाव चिठ्ठीवर लिहिलेला. तो ओळखीने कमी होत नाही आणि अडाणीपणाने वाढतही नाही.

ही दुकाने मुळात गोऱ्यांसाठी होती. तरीही त्यांच्यासारखा माल लहान दुकानांतून, रेल्वेच्या वाघिणींतून आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या व्ही.पी.च्या सोयीमुळे टपालातून दूरदूरच्या गावी पोचू लागला. लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. शेफील्डचे रॉजर्स चाकू, हंटले-पामरच्या बिस्किटांचे पत्र्याचे डबे, सिंगरचे शिवणयंत्र, रॉकेलचे कंदील. रिकामा झालेला बिस्किटांचा डबा मराठी घरात वर्षानुवर्षे चकल्यांसाठी वापरला जाई, हा त्या व्यापाराचा कोणत्याही सूचिपुस्तकात न आलेला भाग होय.

विचारी माणसांची झोप उडाली ती या मालाच्या यादीमुळे. लोकहितवादींनी १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांत परदेशी मालाचा प्रश्न आला होताच. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, एक पाऊल पुढे गेले. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीचे कपडे घालून गेले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. तिच्याहून कमी प्रसिद्ध आणि अधिक कष्टाचे काम त्यांनी केले ते देशी वस्तूंच्या विक्रीचे. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा अगदी घरगुती जिनसा देशात तयार व्हाव्यात आणि त्या विकणारी दुकाने निघावीत, यासाठी ते झटले.

१९०५ मध्ये वंगभंगाची चळवळ पेटली. पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, मुंबईत 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स' हे भांडार सुरू झाले. लोकमान्य टिळक त्याच्या प्रवर्तकांपैकी होते. आज ते 'द बॉम्बे स्टोअर' या नावाने ओळखले जाते. होळीची आठवण पाठ्यपुस्तकांत राहिली, भांडाराची राहिली नाही. वास्तविक होळीनंतर दुसऱ्या दिवशी घरधनिणीपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न भांडाराने केला. विदेशी साबण नको, तर कोणता? विदेशी कंदील नको, तर मुलांनी रात्री अभ्यास कशाच्या उजेडात करावा?

कंदिलाच्या काचेचीच गोष्ट पाहावी. वीज येण्यापूर्वी तिन्हीसांजेच्या सुमारास घरोघर एक काम ठरलेले असे: राखेने काच पुसणे. हे काम बहुधा शाळकरी मुलांकडे असे आणि काच तडकली की बोलणीही त्यांनाच खावी लागत. ही तडकणारी, पुन्हापुन्हा आणावी लागणारी काच परदेशातून येत असे. ती येथे करायची तर भट्टी हवी, योग्य वाळू हवी, फुंकणारे कारागीर हवेत, आणि या सर्वांआधी भांडवल हवे. अंताजी दामोदर काळे यांनी ते माणशी एक पैसा याप्रमाणे मागितले. त्या काळी रुपयाचे पैसे चौसष्ट. तेव्हा एका रुपयासाठी चौसष्ट माणसांपुढे हात पसरणे आले. 'पैसा फंडा'तून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तेथे काच बनवण्याची विद्या आणली ती ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. परदेशी शिकून आलेले हे गृहस्थ पुढे याच प्रांतात, बहजोई येथे, काचेचा मोठा कारखाना उभारते झाले. महाराष्ट्राच्या पैशापैशाने पेटवलेल्या भट्टीचा एक निखारा असा उत्तरेत आला. इकडे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील मराठी घराघरांत पोचला. काकांच्या खटपटीपासून मोजले तर एका कंदिलासाठी जवळजवळ दोन पिढ्या खर्ची पडल्या.

इतर जिनसांचेही असेच झाले. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपे करायला घेतली. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण यायला त्यांनाही आणखी वीसेक वर्षे लागली. शाईचा प्रश्न तर शाळेच्या दारातलाच. १९३१ मध्ये गिरगावात दांडेकर आणि कंपनीने 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या करण्यास सुरुवात केली. पाण्यात वडी विरघळवून दौत भरणाऱ्या मुलांनी पुढे 'कॅमल' शाई वापरली. ती याच दांडेकरांची.

एक कबुली स्वदेशीच्या अभिमान्यांनीही द्यावी लागेल. आरंभीचा देशी माल सगळाच उत्तम नव्हता. केवळ भावनेच्या भरात गिऱ्हाईक एकदा वस्तू घेते. दुसऱ्यांदा घेताना ते काच किती दिवस टिकली हे आठवते. साहेबी दुकानाची खरी ताकद मालाच्या विपुलतेइतकीच या भरवशात होती. मानक नगरच्या रहिवाशांना हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. १९३० चे केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ चे रेल्वे परीक्षण व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये येथील संस्था उभी राहिली, आणि वस्तूचा दर्जा आधी ठरवून मगच ती स्वीकारणे हे तिचे नित्याचे काम. घरगुती मालासाठी भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. इस्त्री किंवा स्टोव्ह घेताना त्यावरचा शिक्का शोधणारी गृहिणी सार्वजनिक काकांच्या दुकानांतून वस्तू नेणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक निश्चिंत होती.

हॉर्नबी रोडवरील व्हाइटअवेच्या त्या इमारतीत पुढे खादी भांडार आले. ज्या छपराखाली विलायती हॅटा आणि टेबलावरच्या चादरी मांडल्या जात, तेथे सूत, मध, साबण, उदबत्त्या आणि हातकागद विकला जाऊ लागला. माल पूर्ण बदलला, पण व्यापाराची रीत जुनीच राहिली. खादी भांडारातही घासाघीस चालत नसे. भाव चिठ्ठीवर लिहिलेला असे आणि एरवी भाजीवालीशी दोन पैशांसाठी हुज्जत घालणारी मंडळी तो मुकाट्याने देत.