वर्गातील तंत्रज्ञान : साधन आणि साध्य
(व्याख्यानाची संहिता)



शिक्षणकार्यास साहाय्य करणाऱ्या प्रत्येक न्यासापुढे आज एक प्रश्न उभा आहे. दात्यांनी विश्वासाने सोपविलेला निधी शाळेतील कोणत्या साधनावर खर्च करावा? संगणक, प्रोजेक्टर, टॅब्लेट यांची मागणी सर्वत्र वाढत आहे. फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. पुढे मात्र संगणककक्षाला कुलूप लागते, असेही घडते. म्हणूनच कोणते साधन घ्यावे याआधी ते कोणत्या अडचणीवर घ्यावे, याचा विचार अगत्याचा आहे.

हा प्रयत्न भारताला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी प्रौढांसाठी, अशी त्यांची आखणी होती. पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ने १९८४ पासून मराठीत शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली, ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. या माध्यमाने दुर्गम खेड्यातील मुलांना जग दाखविले. परंतु पडद्यावरील पाठ सर्वांसाठी एकच असे. ज्या मुलाला मागचेच समजले नव्हते, त्याच्यासाठी तो थांबत नसे.

केवळ यंत्रांची संख्या वाढवून काय होते, याचे उत्तर पेरू या देशात मिळाले. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचा तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे एकाहून अधिक संगणक होते. मुलांच्या सामान्य आकलनशक्तीत काही वाढ दिसली; गणित व भाषा यांतील गुणांत मात्र फरक पडला नाही.

याउलट अनुभव दिल्लीचा आहे. तेथील शासकीय शाळांतील ६१९ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतील सर्वसाधारण मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे असल्याचे त्यात आढळले. शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत या मुलांसाठी ४५ मिनिटे संगणक आणि ४५ मिनिटे मार्गदर्शकासह लहान गटात अध्यापन, अशी योजना होती. मूल जेथे अडले असेल, तेथूनच संगणक प्रश्न विचारी. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय प्रगती झाली. पेरूत यंत्र मुलाच्या हाती आले होते. दिल्लीत ते मुलाच्या अडचणीपर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रातील उदाहरणही बोलके आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापले. मोबाईलवर तो कोड वाचताच कवितेची ध्वनिफीत किंवा पाठाची चित्रफीत उघडते. येथे पुस्तक बाजूला सारले गेले नाही; त्यालाच वाणी लाभली. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली.

तरीही ‘मोबाईल घरोघरी आहे’ असे गृहीत धरणे धोक्याचे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. पुढे तिचा प्रसार वाढला; परंतु घरातील एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाचा अभ्यास सायंकाळपर्यंत थांबतो. यासाठी पाठ शाळेतच उतरवून ठेवावेत, म्हणजे इंटरनेट नसतानाही ते दाखविता येतील.

वर्गात साधन वापरण्याची रीतही महत्त्वाची. रक्ताभिसरणाची चित्रफीत सलग वीस मिनिटे दाखविली, तर मुले ती पाहतील आणि विसरतील. तीच दोन मिनिटांनी थांबवून ‘आता रक्त कोठे जाईल?’ असे विचारले, वहीत आकृती काढून घेतली, चुकलेल्यांना पुन्हा दाखविली, तर पाहणे हे शिकणे होते. कोठे थांबावे हे शिक्षकालाच ठाऊक असते, यंत्राला नव्हे.

तेव्हा निधी मंजूर करण्यापूर्वी न्यासांनी चार गोष्टी विचाराव्यात. कोणत्या इयत्तेच्या कोणत्या अडचणीसाठी हे साधन हवे आहे? शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व सरावाची सोय काय? वीज गेल्यास किंवा यंत्र बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार? मराठीतून पाठ उपलब्ध आहेत काय? देणगीतील काही भाग प्रशिक्षण आणि देखभालीसाठी आधीच राखून ठेवावा. वर्षारंभी व वर्षाअखेरीस मुलांचे वाचन आणि गणित तपासावे. विश्वस्तांच्या सभेपुढे संगणकाच्या देयकाबरोबर ती नोंदही यावी. दात्याचे दान कोणापर्यंत पोहोचले, हे त्या नोंदीतूनच कळेल.