छातीतील जळजळ आणि आम्लशामक गोळी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



पंगत नुकतीच उठली असता जळजळीचा विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल; परंतु आम्हांस तो याच वेळी काढणे उचित वाटते.

जठरातील आम्ल हे काही आपले वैरी नव्हे. पचनास ते हवेच. जठराच्या मुखाशी स्नायूंचे एक कडे असते. ते सैल पडले म्हणजे आम्ल वर चढते, आणि जठरासारखे संरक्षक अस्तर नसलेली अन्ननलिका पोळते. यावर आपल्या घरोघरी खाण्याचा सोडा चाले. तो झालेले आम्ल मारी, नवे थांबवीत नसे. सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आम्लाची निर्मितीच घटविणारे सिमेटिडीन निघाले. १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत. त्यापुढील ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधे तर जठरपेशींतील आम्ल सोडणारी यंत्रणाच बंद पाडतात.

मात्र ही यंत्रणा भोजनाने जागी होते. म्हणून गोळी भोजनापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असते. आपल्यांत ती जेवणानंतर सुपारीबरोबर तोंडात टाकण्याची रीत पडली आहे! सामान्यतः चार ते आठ आठवड्यांपुरते दिलेले औषध कित्येकजण वर्षानुवर्षे आपल्याच मताने घेतात. दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होण्याचा संभव असतो. एकाएकी सोडल्यास आम्ल पुन्हा उसळते. यास्तव घेणे व सोडणे, दोन्ही वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावे.

आता मनास लागलेली गोष्ट सांगतो. आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या छातीत एका रात्री जळजळ सुरू झाली. घाम सुटला, डावा हात भरून आला. आम्ही सर्वांनी ते पित्तच मानले, गोळी दिली व पहाटेची वाट पाहिली. तो हृदयविकाराचा झटका होता. बंधू वाचले नाहीत. गोळीचा दोष नव्हता. आमच्या निश्चिंतपणाचा होता. असे घडल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तसेच घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी वा काळे शौच होणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळीवर विसंबू नये.

बाकी पथ्य सोपे आहे : निजण्यापूर्वी तीन तास भोजन आटोपावे, तंबाखू वर्ज्य करावी, खाटेच्या उशाकडील पायांखाली दोन-दोन विटा ठेवाव्यात. औषध हे पथ्याचे सोबती असावे, पथ्याऐवजी नसावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.