पीटभूमीतील एक लहानसे लव्हाळे



लव्हाळा आणि नागरमोथा आपणांस ठाऊक आहेत. नागरमोथ्याने तर कित्येक शेतकऱ्यांना रडविले आहे. त्याच कुळातील एक अगदी किरकोळ दिसणारी स्कॉटलंडची वनस्पती आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. कॅरेक्स पॉसिफ्लोरा, म्हणजे थोड्या फुलांची, हे तिचे नाव. जॉन लाइटफूट या धर्मोपदेशकाने १७७७ साली आपल्या ग्रंथात ते दिले.

ती राहते पीटभूमीत. पीट म्हणजे पाण्यात राहून अर्धवटच कुजलेल्या वनस्पतींचा, हजारो वर्षे साठत आलेला थर. त्यावर स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची ओली गादी असते, आणि त्या गादीतून हिच्या वीतभर, दोऱ्यासारख्या काड्या वर येतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ही सारी जमीन ओसाड वाटते. आणि ओसाड म्हटले की सुधारणा करणारे धावून येतातच! १९८० नंतरच्या वर्षांत उत्तर स्कॉटलंडच्या ‘फ्लो कंट्री’त करसवलतीच्या लोभाने चर खणून पीटभूमीवर सूचिपर्णी वृक्ष लावले गेले. १९८८ साली सवलत संपली. पुढे कित्येक ठिकाणी तीच झाडे तोडून चर बुजवावे लागले, आणि २०२४ साली त्या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा ठरविले. पाणी गेले की शेवाळ जाते, आणि शेवाळ गेले की आपली ही काडीही जाते. म्हणून तिची ओळख पटणे हे केवळ हौशी माणसाचे काम नव्हे.

आता ओळख कशी पटवावी? काडीच्या टोकाला एकच लहान तुरा असतो. त्यात दोन ते चार फळे, गवती पिवळ्या रंगाची, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती. पिकली की ती खाली वळतात. हिची एक बहीण आहे. तिची फळे काळपट तपकिरी व चकचकीत असतात, म्हणून इंग्रज तिला ‘पिसवेची’ म्हणतात. रंग पाहिला की तेथे घोटाळा उरत नाही. खरी फसवणूक करते ती दुसरी, कॅरेक्स मायक्रोग्लोकिन. तिच्या फळाच्या तोंडातून एक जादा ताठ केस बाहेर डोकावतो. ब्रिटनमध्ये ती प्रथम सापडली १९२३ साली, बेन लॉअर्सच्या डोंगरात. लेडी डेव्ही आणि गर्ट्रूड बेकन या दोन स्त्रियांना. मात्र ती पीटाच्या शेवाळात नव्हे, डोंगरउतारावर पाझरणाऱ्या झऱ्यांच्या ओल्या खडीत वाढते.

भिंग घेऊन पोटावर पडायचे ते जून-जुलैत. पिकलेल्या फळाला बोट लागले की ते टुणकन उडते. एकदा फळे उडाली की मागे नुसती काडी राहते, आणि नुसत्या काडीवरून नाव सांगणे महाकठीण.