कोरड्या विहिरींतील लोलक

परदेशीं शिकणाऱ्या विद्यार्थ्याचें जीवन म्हणजे नित्य सहली, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः शनिवार-रविवार हे कपडे धुण्याचे आणि तुंबलेला अभ्यास उरकण्याचे दिवस होत. तथापि जर्मनींतील आखन येथें शिकत असतां एका शुक्रवारीं संध्याकाळीं मी पॅरिसची गाडी धरली. प्रवास अवघा तीनेक तासांचा. परंतु तो घडावयास पंधरा वर्षें लागलीं होतीं.

त्याचें मूळ बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईजवळच्या आमच्या खेड्यांतील शाळेंत आहे. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते असें गुरुजींनीं सांगितलें, तेव्हां मी विचारलें, “गुरुजी, तें दिसतें कोठें?” गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाळ, मींहि तें पाहिलेलें नाहीं. पुस्तकांत आहे म्हणून सांगतों. तुला कधीं दिसलें, तर मला येऊन सांग.”

पॅरिसमधील ‘म्युझे दे झार ए मेतिये’ ही संस्था १७९४ सालीं, राज्यक्रांतीच्या धामधुमींत, आब्बे ग्रेग्वार यांच्या पुढाकारानें जन्मास आली. कारागिरांनीं यंत्रें डोळ्यांनीं पाहावीं व शिकावीं, हा तिचा हेतु. तेथें पास्कलचें गणितयंत्र आहे, लव्हाझियेचीं उपकरणें आहेत. परंतु माझे पाय वळले ते जुन्या चर्चच्या उंच छताखालीं, जेथें फुकोचा प्रयोग दाखवितात.

हा फुको वैद्यक शिकावयास गेला होता; रक्त पाहवेना म्हणून त्यानें तें सोडलें. १८५१ च्या जानेवारींत घराच्या तळघरांत त्यानें दोन मीटर लांबीच्या तारेस वजन टांगलें. पहिल्या खेपेस तार तुटली. कांहीं दिवसांनीं प्रयोग साधला. त्याच वर्षीं पांतेओंच्या घुमटास ६७ मीटरांची तार आणि २८ किलोंचा गोळा लावून त्यानें तो सर्वांस दाखविला. लोलक आपली झुलण्याची दिशा राखूं पाहतो; खालची जमीन मात्र वळत असते. म्हणून लोलकच हळूहळू वळल्यासारखा दिसतो. ध्रुवावर हा फेरा सुमारें एका दिवसांत पुरा होतो, पॅरिसला सुमारें ३२ तासांत, आणि विषुववृत्तावर मुळींच होत नाहीं. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास नावेंतील माणसाचा दाखला देऊन पृथ्वीचें फिरणें सांगितलें होतें. त्याची अशी साक्ष मी प्रथमच पाहत होतों. तिकिटाच्या पाठीवर मीं हिशेब मांडला : बीडचा अक्षांश सुमारें १९, तेथें फेऱ्यास सुमारें ७३ तास, म्हणजे तासाला जवळजवळ पांच अंश.

त्या उन्हाळ्यांत मी घरीं आलों. पाऊस दोन वर्षें हुलकावणी देत होता. मळ्यांतली सात परस खोल, पायऱ्यांची विहीर ठणठणीत कोरडी पडली होती; तिच्या तळाशीं वारा म्हणून नव्हता. आई म्हणाली, “विहिरीला थेंब नाहीं, आणि तुला खेळ सुचतो?” मजजवळ उत्तर नव्हतें. तरी तोंडावर तुळई टाकून सुमारें १२ मीटर तारेला दुकानांतलें दहा किलोंचें वजन मीं टांगलें. तळाशीं चुन्याची रेघ ओढली.

निवृत्त झालेले गुरुजी काठी टेकीत पायऱ्या उतरले. पहिला प्रयोग फसला; मीं हातानें सोडलेलें वजन अंड्याच्या आकारांत फिरूं लागलें. दुसऱ्यानें वजन एका बाजूस ओढून दोऱ्यानें बांधलें आणि दोरा काडीनें जाळला. एका झोक्यास, जाऊन येऊन, सात सेकंद. तासाभरानें झोक्याचें टोंक रेघेपासून उजव्या हाताला तीन बोटें सरकलें होतें.

मला वाटलें, गुरुजी शाबासकी देतील. ते म्हणाले, “तारेला पीळ असेल. विहिरींत वाऱ्याची झुळूक उतरली असेल. कशावरून पृथ्वीच?”

मी निरुत्तर झालों. मग त्यांनींच सुचविलें, “आडव्या दिशेनें सोडून पाहा.” आम्हीं पहिलीस काटकोनांत दुसरी रेघ ओढली, तार मोकळी करून पुन्हां बांधली, दोरा जाळला. तासभर कोणी बोललें नाहीं. झोका पुन्हां उजव्याच हाताला, तितकाच सरकला. वाऱ्याचा तो खेळ असता, तर दोन्ही दिशांना असा सारखा कां घडता? गुरुजींनीं रेघेवर बोट ठेवून तें अंतर दोनदां मोजलें आणि म्हणाले, “आतां पुस्तकांत आहे म्हणून सांगावयाचें नाहीं.”

पुढील पावसाळ्यांत विहिरीस पाणी आलें आणि आमची प्रयोगशाळा बुडाली. आईला आनंद झाला. श्रोतेहो, मलाहि झाला.