कॅथलिक धर्मसंघांचा सामाईक अभ्यास



कामगार संघटनेचा माणूस, आणि व्याख्यानाचा विषय रोमच्या धर्मसंघांचा! हे त्रांगडे कसे जमले, असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटले असेल. मी शाळेत फारसा शिकलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. ख्रिस्ती तर मी नव्हेच. पण संघटना हा माझा धंदा आहे. एका कारखान्यात चार झेंड्यांच्या चार युनियन असल्या म्हणजे काय होते, हे मी तीस वर्षे पाहात आलो आहे. त्यामुळे या साधुसंघांचा इतिहास वाचताना परक्या घरात शिरल्यासारखे मला मुळीच वाटले नाही.

कॅथलिकांचा पोप एक, श्रद्धा एक. पण फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट असे त्यांचे साधूंचे आणि साध्वींचे शेकडो संघ आहेत. प्रत्येकाचा संस्थापक वेगळा, नियम वेगळे, खजिना वेगळा आणि भरतीही वेगळी. रोमने १६२२ साली धर्मप्रसाराचे काम पाहण्यासाठी ‘प्रोपगांडा फिदे’ नावाचे स्वतंत्र खाते काढले आणि पुढे एक मुलूख एका संघाकडे सोपवण्याची वहिवाट पक्की झाली. अशी वाटणी आपल्या शेजारी गोव्यात त्याआधीच झाली होती. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे आणि साष्टी जेझुइटांकडे. त्याच साष्टीतल्या राचोलला १६१६ साली जेझुइट फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. वाटणीमुळे हद्दीची भांडणे थोडी मिटत असतील, पण शेजारच्या तालुक्यातला दुसरा संघ काय शिकला, हे विचारण्याचे कारणच कोणाला उरत नाही.

याची खरी किंमत चीनमध्ये मोजावी लागली. ती हकीकत जरा सावकाश सांगतो.

मातेओ रिची हा इटालियन जेझुइट १५८२ साली मकावला उतरला आणि १६०१ मध्ये पेकिंगला पोचला. चिनी भाषा, चिनी पोशाख, चिनी ग्रंथ सारे त्याने आत्मसात केले. चिनी माणूस पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावतो, कन्फ्यूशियसला नमस्कार करतो. तो धर्मविधी नसून कुळाचार आणि लोकाचार आहे, ख्रिस्ती झालेल्याने तो चालू ठेवण्यास हरकत नाही, असा त्याचा निष्कर्ष. रिची १६१० साली वारला. पुढे डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन साधू आले. ते दरबारी विद्वानांत कमी आणि खेड्यापाड्यांत अधिक हिंडले. तिथे त्यांना त्याच पाटीपुढे नवस बोलणारे, नैवेद्य ठेवणारे लोक दिसले. ही तर उघड मूर्तिपूजा, असे त्यांचे मत झाले.

आता पाहा. मोरालेस नावाच्या डोमिनिकनाने आपले प्रश्न रोमपुढे ठेवले आणि १६४५ साली रोमने निकाल दिला की हे विधी वर्ज्य. मग मार्तीनी नावाचा जेझुइट आपल्या संघाची बाजू घेऊन गेला. त्याने तेच विधी दुसऱ्या रीतीने वर्णन केले, आणि १६५६ साली निकाल मिळाला की हे चालतील. आता खरा निकाल कोणता? असे विचारले तेव्हा १६६९ साली उत्तर आले की दोन्ही कायम. ज्याची हकीकत जशी, तसा त्याला निकाल लागू!

तुम्ही हसलात. पण मी हसू शकत नाही. महागाई भत्त्याच्या वादात दोन युनियन दोन निरनिराळे आकडे घेऊन पुढे गेल्या, की मालकाचा वकील काय करतो, ते मला ठाऊक आहे. दोघांचे आकडे खरे असतात. एकाने एका वस्तीत भाव विचारलेले, दुसऱ्याने दुसऱ्या. दोघांनी एकत्र बसून दोन्ही वस्त्या पाहिल्या असत्या, तर तिसरा आणि पुरा आकडा मिळाला असता. जेझुइटांनी दरबार पाहिला, डोमिनिकनांनी गाव पाहिले. दोघे एका मेजाशी बसून टिपणे जुळवतील, अशी सोयच नव्हती.

पुढचे थोडक्यात. खुद्द सम्राट खांगशी याने १७०० साली लेखी कळवले की हे विधी लौकिक आहेत. रोमने ते मानले नाही. १७०४, १७१५ आणि शेवटी १७४२ साली बंदी पक्की झाली. ज्या सम्राटाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मुभा दिली होती, त्यानेच १७२१ मध्ये त्याचा प्रचार बंद केला. रोमने ती बंदी सैल केली ती १९३९ साली, जवळजवळ दोनशे वर्षांनी. मधल्या काळात ज्या चिनी कुटुंबांना ‘आजोबांना नमस्कार करायचा की चर्चमध्ये जायचे’ यातून एक निवडावे लागले, त्यांना त्या साऱ्या कज्जात कोणी पक्षकारही मानले नव्हते.

आता १९६४ कडे येऊ. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. धर्मप्रसारावरचा मसुदा त्या नोव्हेंबरात पुढे आला. पोप सहावे पॉल यांनी जातीने येऊन त्याची भलावण केली. तरीही बिशपांनी तो परत पाठवला. ऱ्होडेशियाचे बिशप लॅमॉन्ट यांनी त्याला सुकलेल्या हाडांची उपमा दिली. (पुढाऱ्याने शिफारस केलेला ठराव सभेने फेरविचाराला लावणे, हे मला तरी सुचिन्ह वाटते.) नवा मसुदा नेमीच्या सरोवराकाठी बसून तयार झाला. प्रमुख होते डिव्हाइन वर्ड संघाचे योहानेस शूटे, आणि मदतीला डोमिनिकन पंडित इव्ह काँगार. ७ डिसेंबर १९६५ रोजी तो मंजूर झाला तेव्हा बाजूने २३९४ मते पडली आणि विरुद्ध फक्त ५. एकाच मुलखात काम करणाऱ्या संघांनी परस्परांत मेळ घालावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुलूख संघाला तोडून देण्याची ती जुनी वहिवाटही १९६९ साली मोडण्यात आली.

याच परिषदेच्या काळात, १९६४ सालीच, मिशनरी संघांच्या काही प्रमुखांनी रोममध्ये ‘सेडोस’ सुरू केले. त्या इटालियन नावाचा अर्थ ‘कागदपत्रे आणि अभ्यास यांची सेवा’ एवढाच. नाव किती साधे! कोणी आपला खजिना सोडायचा नाही, माणसे द्यायची नाहीत, नियम बदलायचे नाहीत. आपापल्या लोकांकडून येणारी माहिती एके ठिकाणी ठेवायची, पत्रिका काढायची, चर्चासत्रे भरवायची. स्त्रियांचे संघही त्यात आले, आणि माझ्या मते फार मोठा बदल यानेच झाला. कारण दवाखान्यात आणि शाळेत लोकांच्या रोज जवळ असत त्या बहुधा साध्वीच.

युनियनच्या ऐक्याचे प्रयत्न मी पुष्कळ पाहिले. झेंडा कोणाचा आणि सरचिटणीस कोण, इथे ते फुटतात. सेडोसने तो प्रश्न दाराबाहेर ठेवला, म्हणून ते टिकले, असे मला वाटते. १९८१ साली त्यांनी रोमजवळ मोठे चर्चासत्र भरवले. त्यातून मिशनच्या कामाच्या चार दिशा पुढे आल्या: संदेश सांगणे, इतर धर्मीयांशी संवाद, स्थानिक संस्कृतीत रुजणे आणि गरिबांची मुक्ती. चौथी दिशा वाचून मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले.

आपल्याकडेही अशी सोय आहे. १८९३ साली कँडीत निघालेले पोपचे धर्मविद्यालय १९५५ मध्ये पुण्याला आले, आणि तिथल्या विद्यापीठात, म्हणजे आजच्या ज्ञानदीपमध्ये, निरनिराळ्या संघांचे तरुण एकाच बाकावर शिकतात.

पण माझी एक तक्रार आहे. आज कोणत्याही एका देशात सर्वांत जास्त जेझुइट आहेत ते भारतात. युरोपात भरती आटली आहे. माणसे आशिया-आफ्रिकेची; पण सामाईक अभ्यासाची कचेरी रोमला, आणि तिथली लिखापढी बहुतेक युरोपच्या भाषांत. दोन वस्त्यांचे भाव आता एका वहीत येतात, हे खरे. पण ज्या बाईने ते भाव रोज मोजले, तिला ती वही वाचता येते का? ज्यांच्यासाठी हे काम चालते त्यांना, आणि ज्यांना ते नको आहे त्यांनाही, त्या मेजाशी खुर्ची मिळते का? १७०० साली एक सम्राट लेखी सांगत होता, तरी त्याचे ऐकले गेले नाही. हा प्रश्न इथे बसलेल्या ख्रिस्ती मित्रांना मी मोकळेपणाने विचारतो. व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेला आहे. त्यांनी उत्तर द्यावे, मी ऐकायला बसतो.